ग्लुटेन-फ्री कुकीज मुलांसोबत: साचा नवा, चाळणी वेगळी आणि डब्यावरचा एक शब्द



डिसेंबर लागला की पूर्णा गावातल्या आपल्या दुकानात साच्यांची मागणी सुरू होते. तारा, घंटा, ख्रिसमस ट्री, सांताची टोपी. दिवाळीला जे लोक शंकरपाळ्यांचं कातण आणि चकलीचा सोऱ्या न्यायला आले होते, तेच आता पोरांना घेऊन कुकी कटर बघायला येतात. आपला काल्हेर-पूर्णा-राहनाळचा पट्टा बाहेरच्यांना फक्त गोदामांचा म्हणून माहीत आहे, पण या गोदामांच्या मागे घरं आहेत, घरांत मुलं आहेत आणि नाताळच्या सुट्टीत त्या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. म्हणून गेली काही वर्षं होमबेकर ताई-दादांना मी सांगतोय, सुट्टीत मुलांची कुकी बॅच घ्या. भांडवल कमी लागतं, दोन तासांचं काम असतं आणि ओळखी वाढतात.

यंदा त्यात एक नवी मागणी आली आहे: ‘ग्लुटेन-फ्री शिकवा.’ चॅनलवर रेसिपीचा व्हिडिओ येईलच. पण व्हिडिओत दहा मिनिटांत जे मावत नाही ते इथे लिहितोय. त्यातलं निम्मं रेसिपीबद्दल नाही, हे आधीच सांगतो.

आधी हे कोणासाठी करतोय ते बघू

मागच्या हिवाळ्यात एक ताई दुकानात आल्या. सोबत आठेक वर्षांची मुलगी. त्यांनी ताऱ्याचा साचा मागितला. मी कप्प्यातला दाखवला तर म्हणाल्या, “दादा, हा डेमोला वापरलेला आहे का? मला पॅकबंद द्या. मैदा लागलेला चालणार नाही.” मी पॅकबंद काढून दिला. मग म्हणाल्या, “चाळणीपण नवी द्या. आणि लाटणं लाकडाचं नको.” त्या पैसे देईपर्यंत मुलगी काउंटरवरच्या नमुन्याच्या कुकीजकडे बघत उभी होती. मी बरणी पुढे केली तर तिनेच मान हलवली. “मला चालत नाही काका.” इतकं सवयीने म्हणाली, जणू घरचा पत्ता सांगतेय.

तिला सिलिअॅक आहे. हा काही फॅशनचा आजार नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअॅक असलेल्याने ते खाल्लं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारं अस्तरच झिजतं. मग मूल खातं पण वाढत नाही. रक्त कमी होतं, पोट फुगतं, हाडं कच्ची राहतात. यावर गोळी नाही, ग्लुटेन आयुष्यभर बंद ठेवणं हाच उपचार. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला होता. दक्षिणेकडे हे प्रमाण बरंच कमी आहे. पण भिवंडीत सगळ्या देशातले लोक राहतात, त्यामुळे तुमच्या बॅचला असं मूल येणारच नाही असं धरून चालू नका.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध ज्याने पक्का केला तो डॉक्टरही मुलांचाच होता. हॉलंडमधले विलेम डिके. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्या निरीक्षणांना बळ मिळालं. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ही माहिती जुनी आहे. फक्त आपल्या बिस्किटांच्या पुड्यांवर ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द आत्ता दिसायला लागला, म्हणून ती नवी वाटते.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. कोणी आई तुम्हाला म्हणाली, “पोराचं पोट सारखं दुखतं, म्हणून महिनाभर गहू बंद केलाय,” तर तिला आधी डॉक्टरकडे जायला सांगा. गहू आधीच बंद केला असेल तर तपासणीत खरं चित्र दिसत नाही. आपण कुकी शिकवणारे आहोत, निदान करणारे नाही. आणि ‘ग्लुटेन-फ्री खा, वजन उतरेल’ असं तर अजिबात विकू नका. कुकीत बटर आणि साखर तेवढीच असते.

मैदा नाही, मग साचा कापणार कसा?

साच्याने कापायची कुकी आपल्याला परकी वाटते, पण ती शंकरपाळ्यांची बहीण आहे. लाटायचं, कापायचं, अलगद उचलायचं. शेजारच्या वसईतही नाताळच्या आधी घरोघरी अख्खं कुटुंब मिळून कुलकुल वळतं. पोरांच्या हातात नवा कंगवा किंवा काटा देतात, त्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळली की शंखासारख्या रेघा उमटतात. म्हणजे सणाच्या गोडात मुलांचे हात लागणं ही आपल्या भागातली जुनी गोष्ट आहे. अडचण एवढीच की शंकरपाळे, करंजी, कुलकुल हे सगळं मैद्याचं किंवा रव्याचं. आणि रवा, मैदा, दलिया, शेवया हे सगळं गहूच आहे. दुकानात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, “मैदा नाही, रवा घातला तर चालेल ना?” नाही चालणार.

ग्लुटेनचं काम गोंदासारखं असतं. पाणी लागलं की ते ताणलं जातं, जाळं धरतं, म्हणून पोळी पातळ लाटता येते. नाचणी, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांत ते नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि पीठ कोमट-गरम पाण्यात मळावं लागतं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच गोंदाचं काम करतो. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी वळली आहे त्यांना हे वेगळं शिकवायला नको. परदेशी रेसिप्यांत यासाठी झँथन गम सांगतात. माझ्याकडे तो विकायला आहे, तरी सांगतो की लागतोच असं नाही. मेडिकलमध्ये मिळणारं साधं सत इसबगोल, बिनचवीचं, तेच काम करतं. तेही नको असेल तर मोजलेल्यातलंच दोन चमचे तांदळाचं पीठ चार चमचे दुधात शिजवून उकड करा, थंड करा आणि ती मिसळा.

माझं प्रमाण असं. तांदळाचं बारीक पीठ १२० ग्रॅम, नाचणीचं पीठ ८० ग्रॅम, अरारूट ५० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, अनसॉल्टेड बटर १२० ग्रॅम, सत इसबगोल एक सपाट चहाचा चमचा, चिमूट मीठ, वेलची किंवा व्हॅनिला, आणि लागेल तसं दोन-तीन मोठे चमचे दूध. बेकिंग पावडर घालायची नाही, कुकी फुगली की ताऱ्याची टोकं गोल होतात. बटर आणि साखर फेटा, कोरडं मिसळा, दूध शेवटी थोडं थोडं. गोळा मऊ पण न चिकटणारा हवा. मग तो झाकून फ्रिजमध्ये ४० मिनिटं. हा वेळ कोणी वाचवू नका. इसबगोल आणि पीठ दोन्ही तेवढ्यात ओलावा शोषतात. नाहीतर कुकी दाताखाली रवाळ लागते आणि लाटताना कडा फाटतात.

लाटायचं दोन प्लास्टिक शीटच्या किंवा बटर पेपरच्या मध्ये, अर्धा सेंटीमीटर जाड. यापेक्षा पातळ लाटलं तर मुलांच्या हातात मोडतं. साचा दाबायचा, पण कुकी उचलायची नाही. आजूबाजूचं जास्तीचं पीठ काढून घ्यायचं आणि कागदासकट ट्रेमध्ये सरकवायचं. ही एक युक्ती मुलांना शिकवलीत की अर्धी रडारड वाचते. ट्रे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग १६५ अंशांवर १४ ते १६ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, जाळी ठेवून, झाकून आधी चांगली तापवा. जमतं, फक्त एका वेळी सात-आठच होतात.

नाचणीची कुकी मुळातच तपकिरी, त्यामुळे ‘कडा गुलाबी झाल्या की काढा’ हा नेहमीचा नियम इथे कामाचा नाही. घड्याळ लावा. कड बोटाने दाबली तर दबू नये, मधला भाग किंचित मऊ असावा. ट्रेवरच दहा मिनिटं थंड होऊ द्या. गरम असताना उचलली की तिचे तुकडे होणार. मुलांना तपकिरी रंग बघून चॉकलेट वाटतं आणि तुम्ही नाचणी आहे असं सांगितलं नाहीत तर निम्मी तसंच समजून खातात. मी सांगतो. घरी ज्यांनी नाचणीच्या सत्त्वाला तोंड वाकडं केलेलं असतं त्यांची तोंडं त्या क्षणी बघण्यासारखी असतात.

आता गंमत ऐका. मैद्याचा गोळा मुलांनी चार वेळा तुडवला, उरलेले तुकडे परत परत लाटले, की ग्लुटेन ताठ होतं आणि शेवटच्या कुकीज चिवट आणि आकसलेल्या निघतात. या पिठाला तो त्रासच नाही. कितीही मळा, चिवट होणार नाही. फक्त बटर वितळायला लागलं की पाच मिनिटं परत फ्रिजमध्ये टाका आणि वर पीठ भुरभुरवताना हात आखडता ठेवा. त्यामुळे सगळ्यांना अवघड वाटणारी ही कुकी लहान मुलांच्या बॅचला मैद्याच्या कुकीपेक्षा सोयीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण गिरणीत आहे

इथपर्यंत सगळं सोपं. आता मुद्द्याचं.

नाचणीत ग्लुटेन नाही. पण तुमच्या नाचणीच्या पिठात आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. जव्हार-मोखाड्याकडून आलेली छान नागली तुम्ही विकत घेतली, निवडली, धुतली, वाळवली आणि नाक्यावरच्या गिरणीत दिली. तुमच्या आधी त्या जात्यात कोणाचा तरी दहा किलो गहू दळला गेला. जात्यात, नळीत, खाली लावलेल्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ आहेच. आपल्या आयांना हे माहीत होतं. उपवासाची भाजणी किंवा राजगिरा दळायला त्या वेळ साधून जायच्या, गिरणीवाल्याला आधी जातं साफ करायला सांगायच्या आणि पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायच्या. उपवासाला तेवढं पुरतं. सिलिअॅकला पुरत नाही.

किती पुरत नाही ते आकड्यात बघा. एफएसएसएआयच्या नियमात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवायचं असेल तर एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर २० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम पीठ. किलोभर कुकीजमध्ये एवढं. चिमटीत धरलं तर त्याहून जास्त येईल. लाकडी पोळपाटाच्या भेगेत, चाळणीच्या जाळीत, ताऱ्याच्या साच्याच्या टोकात वाळून बसलेलं पीठ यापेक्षा कमी नसतं. त्या ताई पॅकबंद साचा का मागत होत्या, ते आता लक्षात येईल.

म्हणून दोनच मार्ग. एक, ज्या पाकिटावर ग्लुटेन-फ्री असल्याचं स्पष्ट छापलंय तेच पीठ विकत घ्या, महाग पडलं तरी. दोन, घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. कधीच म्हणजे कधीच. ‘एकदाच शेजारच्यांचं दळून दिलं’ हेसुद्धा नाही. तरीही घरघंटीच्या मार्गात तांदूळ-नाचणी बाजारातून येतानाच गव्हाच्या पोत्यांना लागून आलेली असू शकते, म्हणून निवडून, धुऊन, वाळवूनच दळायची.

बाकी साहित्याचीही पाकिटं वाचा. काही बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च असतो. रंगीत स्प्रिंकल्स आणि चॉकलेट चिप्स तपासा. बाजारातलं ‘नाचणी बिस्किट’ उलटं करून बघा, पुष्कळ वेळा घटकांत पहिला शब्द मैदा असतो. ओट्स घालू नका. त्यांची वाहतूक आणि दळण बहुधा गव्हासोबतच होतं आणि सिलिअॅकच्या काही लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. कुकीत लागत नाही, पण फराळाची ऑर्डर घेणाऱ्यांसाठी सांगतो, बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. तांदळाची चकली केली, सगळं सांभाळलं आणि फोडणीच्या डब्यातला हिंग घातला, की झालं सगळं पाण्यात.

स्वयंपाकघराचं वेळापत्रकही ठरवा. मैद्याचं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ ओट्यावर बसत राहतं. त्यामुळे सकाळी शंकरपाळे आणि दुपारी ग्लुटेन-फ्री, असं जमणार नाही. आदल्या दिवशी गहू-मैद्याचं काम बंद. ओटा, फ्रिजचा कप्पा, मिक्सर धुवा, ओल्या फडक्याने पुसा, मग सकाळी पहिलं काम हेच. चाळणी, लाटणं, ट्रे, ब्रश, साचे यांचा एक संच वेगळा ठेवा, झाकणाच्या डब्यात, वर रंगीत टेप लावून. लाटणं स्टीलचं किंवा सिलिकॉनचं. बटरची वडी नवी फोडा, घरातल्या वडीत पावाचा सुरा बुडालेला असतो.

बॅच घेताना

माझ्या ओळखीच्या एका होमबेकरने विचारलं, “दादा, एकच मूल तसं असेल तर त्याला वेगळं टेबल देऊ? बाकीच्यांना मैद्याचं करू, स्वस्त पडतं.” मी म्हटलं, नको. एक तर त्याच खोलीत मैदा उडणार. आणि दुसरं, वेगळं टेबल त्या मुलाला शाळेत मिळतं, वाढदिवसाला मिळतं, लग्नाच्या पंगतीत मिळतं. सगळीकडे आईने आणलेला वेगळा डबा. तुमच्याकडे तो दोन तास येतोय, तर सगळ्यांच्या हाताखाली एकच पीठ असू दे. बाकीच्या नऊ मुलांना कळणारही नाही. त्या एकाला मात्र शेजारच्याच्या ताटलीतली मोडकी कुकी उचलून खाता येईल. आईवडिलांनी जास्तीचे पैसे दिलेच तर ते यासाठी देतात, नाचणीसाठी नाही.

मुलं येताना हातात ग्लुकोज बिस्किट घेऊनच येतात. त्यामुळे खाऊ, दप्तर सगळं बाहेर. आत येताना साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पीठ निघत नाही. आदल्या दिवशी पालकांना मेसेज टाका, “अॅप्रन आम्ही देऊ, घरून आणू नका.” घरच्या अॅप्रनवर घरचा मैदा असतो. कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या पिठात जंतू असू शकतात. हे सगळ्यात अवघड काम, त्यासाठी आदल्या दिवशी भाजलेल्या दोन-दोन कुकीज आधीच हातात द्या. पाच वर्षांखालच्यांना फक्त साचा दाबू द्या, लाटणं सहा-सातच्या पुढे. ओव्हनजवळ फक्त मोठा माणूस. वरचं आयसिंग पिठीसाखर आणि दुधाचं, रंग बीटचा आणि हळदीचा. हिरवा हवा असेल तर पालकाचा रस दोन थेंब, चव लागत नाही.

साच्यांत झाड आणि घंटा असू द्याच, पण आमच्याकडे पोरं आधी होडीवर तुटून पडतात. खाडीकाठचा गाव आहे, चालायचंच.

आता हिशेब. माझ्या दुकानच्या आजच्या भावाने वरच्या एका प्रमाणाला कच्चा माल साधारण ११५ रुपयांचा पडतो, त्यात बटरच ७० च्या पुढे जातं. गोळा होतो ४६० ग्रॅमच्या आसपास, त्यात १५-१६ ग्रॅमच्या २८ कुकीज धरा. दहा मुलांच्या बॅचला तीन प्रमाणं: ३४५ रुपये. डबे १५० चे, आयसिंग आणि चवीच्या कुकीज २००, कागद-वीज १००, मदतीला एक ताई ६००. एकूण १,३९५. मुलामागे ३५० रुपये घेतले तर ३,५०० येतात, उरतात २,१०५. वाटतं छान आहे. पण तुमचे तास मोजा. तयारी आणि साफसफाई दोन, बॅच दोन, आवराआवर एक. पाच तासांना २,१०५ म्हणजे तासाला ४२१. यातून वेगळ्या संचाचे पैसे अजून वळते व्हायचेत, ते पहिल्या दोन-तीन बॅचमध्ये जातील. ज्यांनी ग्लुटेन-फ्री छापलेलं पीठ घेतलंय त्यांचा माल आणखी महाग पडेल. तुमचे भाव टाकून हीच मांडणी वहीत करा आणि मग फी ठरवा. शेजारची ताई २५० घेते म्हणून तुम्ही २५० घेऊ नका. ती वेगळी चाळणी ठेवते का, हे तुम्हाला माहीत नाही.

डब्यावर काय लिहायचं

बॅचमधल्या मुलांनी घरी न्यायच्या कुकीज ठीक आहेत, तिथे तुम्ही आईवडिलांशी तोंडाने बोलू शकता. पण त्याच कुकीज तुम्ही नाताळचा डबा म्हणून विकायला लागलात, की लेबल येतं. एफएसएसएआयची नोंदणी हवीच, घरातून विकत असाल तरी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, तारीख, बॅच, नोंदणी क्रमांक, हिरवं चिन्ह, आणि दूध आहे तर ‘दूध आहे’ हे वेगळं लिहायचं.

आणि ‘ग्लुटेन-फ्री’? मोठ्या कंपन्या दर खेपेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासणी तुम्हालाही करून घेता येते, पण एका नमुन्याला काही हजार जातात. चाळीस डब्यांच्या ऑर्डरला ते झेपत नाही. मग खूप जण काय करतात, नाचणी वापरली म्हणून सरळ ग्लुटेन-फ्री छापतात. स्टिकर आमच्यासारख्या दुकानातच छापून मिळतो ना, दोन रुपयांत. मला महिन्यातून चार-पाच जण सांगतात छापायला. मी विचारतो, पीठ कुठलं, दळलं कुठे, त्याच ओट्यावर अजून काय होतं? उत्तर पटलं नाही तर छापत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

त्यांना मी दुसरं वाक्य सुचवतो: ‘नाचणी व तांदळाच्या कुकीज. गहू-मैदा वापरलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचे पदार्थही बनतात.’ यात खोटं काही नाही आणि विक्रीही अडत नाही. मैदा टाळणारे, उगाच हलकं वाटतं म्हणणारे, नाचणीचं कौतुक असणारे सगळे हा डबा घेतात. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून नाचणी या शब्दाला स्वतःची गिऱ्हाइकी आहे, तिला इंग्रजी शब्दाची टेकू लागत नाही. आणि सिलिअॅक असलेल्या मुलाची आई तिसरं वाक्य वाचून डबा खाली ठेवते. तिला तो खाली ठेवता आला पाहिजे, म्हणूनच ते वाक्य तिथे हवं.

ज्यांना खरोखर ग्लुटेन-फ्री विकायचंय, त्यांनी स्वयंपाकघरच गहूमुक्त करायचा विचार करा. भिवंडी-ठाणे पट्ट्यात असे फार कमी लोक आहेत आणि अशी मुलं असलेली घरं एकमेकांना ओळखतात. एका आईचा विश्वास बसला की ती दहा जणींना नंबर देते. वाढदिवसाचा केक, राखीची मिठाई, दिवाळीचा फराळ, वर्षभर मागणी. पण तिथे दर खेपेला तपासणी नाही जमली तरी ठरावीक काळाने नमुना पाठवा, रिपोर्टची प्रत दाखवायला ठेवा आणि तो खर्च किमतीत धरा.

बॅचच्या चेकलिस्टची एक पानी प्रत दुकानात ठेवली आहे, फुकट न्या. पॅकबंद साच्यांचा वेगळा कप्पा या आठवड्यापासून केलाय, काउंटरच्या डाव्या हाताला. त्यातले साचे डेमोला उघडले जात नाहीत. होडीचा साचा संपलाय, शनिवारी येईल.